रवा बदला, अंडी राहू द्या

पत्र असं आहे :

‘आमच्याकडे वाढदिवस म्हणजे बाथ, आपला रवा-नारळाचा गोव्याचा केक. आजेसासूबाई लग्नानंतर काही वर्षं मडगावात राहायच्या, तिथल्या शेजारणीकडून शिकल्या. त्यांच्या वहीत अजून ते पान आहे : रवा पाव किलो, साखर तितकीच, एका नारळाची सोय (खोवलेलं खोबरं), अंडी चार, लोणी लिंबाएवढे दोन गोळे, रात्री भिजवून ठेवणे. यंदा माझ्या सात वर्षांच्या मुलाला सिलिअ‍ॅक निघाला. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतडं झिजतं तो आजार. गहू जन्माचा बंद. सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यात वाढदिवस नेमका सोमवारी आलाय आणि सोमवारी आमच्या घरात अंडं फुटत नाही. म्हणून मी रव्याच्या जागी तांदळाचं पीठ, साखरेच्या जागी गोडव्याच्या गोळ्या आणि अंड्यांच्या जागी केळं घालून एकदा करून बघितला. वरून वीट, आतून पेज. सासूबाई म्हणतात, “आपलाच रवा घाल, वर्षातून एकदा एवढ्याशा तुकड्याने पोराला काय होतंय?” आता मी काय करू? — फोंडा तालुक्यातली एक सून.’

ताई,

तुम्ही तीन माणसांची तीन पथ्यं एकाच टोपात घातलीत आणि तिन्हींना सारखाच मान दिलात. बिघडलं ते तिथे. मुलाचं पथ्य कायद्यासारखं आहे, त्यात सूट नाही. सासऱ्यांचं पथ्य मापाचं आहे, किती आणि कधी एवढाच प्रश्न. सोमवारचं पथ्य तर कॅलेंडरचं आहे. वाढदिवस रविवारी करा, आणि अंड्याचा प्रश्न यादीतून खोडून टाका. तारखेवरून मुलं कुरकुरतात हे खरं, पण केक आदल्या दिवशी मिळणार असेल तर कुरकुर दोन मिनिटांत संपते.

आता सासूबाईंकडे वळू, कारण तुमच्या ओव्हनपेक्षा ती आघाडी अवघड आहे. त्यांच्याशी वाद घालू नका, हिशोब मांडा. पाव किलो रव्यात ग्लुटेन वीसेक ग्रॅम तरी असतं. बाथाचे बारा तुकडे पाडले तर एका तुकड्यात दीड ग्रॅमच्या वर, म्हणजे दीड हजार मिलिग्रॅम. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या आतड्याला दिवसाला पन्नास मिलिग्रॅमसुद्धा बाधू शकतं. आपल्याकडे पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ छापायचं तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. तेव्हा ‘एवढासा तुकडा’ हा एवढासा नाही. आणि पोट दुखलं नाही म्हणजे काही झालं नाही, असंही नसतं. छोट्या आतड्याच्या आतल्या बाजूला जे बारीक केसाळ अंकुर अन्न शोषून घेतात ते झिजत राहतात. मूल हसतं-खेळतं दिसतं, पण उंची वाढत नाही, रक्त भरत नाही.

आकड्यांनी नाही पटलं तर गोष्ट सांगा. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्ये खायचे वांधे झाले आणि पाव मिळेनासा झाला. विलेम-कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ तिथे सिलिअ‍ॅकच्या मुलांवर उपचार करत होते. गव्हावर त्यांचा संशय आधीपासूनच होता. सगळा देश उपाशी असताना ही मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात हे सगळं मांडलं. तेव्हापासून या आजाराला औषध एकच राहिलं आहे, गहू, जव म्हणजे बार्ली, आणि राय ही तीन धान्यं ताटातून काढणं. सासूबाईंना मुलाच्या डॉक्टरांकडे पुढच्या खेपेला बरोबर न्या. सुनेने सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आपल्या घरांमधून किती फरक पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

(डॉक्टरांकडे गेलाच आहात तर भावंडांची आणि तुम्हा दोघांची रक्ततपासणी करायची का हेही विचारून घ्या. सिलिअ‍ॅक घराण्यात फिरतो. मात्र तपासणीच्या आधी कोणाचा गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत काही दिसणार नाही.)

आता बाथ. तुमच्या नशिबाने तुमच्या घरचा केक हा मैद्याचा स्पंज नाही. स्पंजमध्ये ग्लुटेनलाही थोडंफार काम असतं, म्हणून तो बदलताना लोक दमतात. बाथाचं तसं नाही. तो उभा राहतो फुगलेल्या दाण्यावर, नारळावर आणि अंड्यांवर. रव्याचं काम पाणी पिऊन फुगणं आणि दाताखाली जरा रवाळ लागणं, इतकंच. ते काम तांदळाचा रवा करतो. तांदळाचं पीठ करत नाही. पिठाने नारळाचं सगळं पाणी एकदम ओढून घेतलं, त्याचा चिकट गोळा झाला आणि आतपर्यंत उष्णता पोचलीच नाही. तिथे अंडी असती तर थोडंफार सावरलं असतं, पण तुम्ही तीही काढली होती. केळ्याने ओलावा येतो, गोडवा येतो, पण अंड्यासारखं घट्ट धरून ठेवणं त्याला जमत नाही. गव्हाचा आधार काढलात तर अंड्याचा राहू द्यायचा. दोन्ही एकदम काढायचे नाहीत. एवढं सांभाळलंत तरी अर्धं काम झालं.

तुमच्या वहीतल्या मापांवरूनच मी सांगते. पाव किलो तांदळाचा रवा. पाकिटातला इडली रवा चालतो, पण त्यावर ‘ग्लुटेन-फ्री’ असं लिहिलेलं हवं, नुसता ‘तांदूळ’ शब्द पुरत नाही. त्यापेक्षा घरी काढणं बरं. सुरय (न उकडलेले) तांदूळ निवडून दोन-तीन पाण्यांनी धुवायचे, स्वच्छ फडक्यावर पंख्याखाली वाळवायचे आणि मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचे. पीठ बारीक चाळणीतून खाली जाईल, ते भाकरीला ठेवा. वर उरेल ते पुन्हा जरा मोठ्या भोकांच्या चाळणीतून काढा, म्हणजे कणी बाजूला होईल. तो मधला रवा आपला. गिरणीत मात्र जाऊ नका. तिथे तुमच्या आधी कोणाचे तरी गहू दळलेले असतात आणि दगडात, पट्ट्यात, खालच्या डब्यात ते पीठ बसलेलं असतं. गिरणीवाला कितीही भला असला तरी तो तुमच्यासाठी जातं धुणार नाही.

रवा मंद आचेवर कोरडाच परता, रंग न बदलता. एका नारळाची सोय मिक्सरमध्ये एकदाच भरड फिरवून घ्या. पातळ नारळाचं दूध तीनशे मिली, त्यात साखर (किती ते पुढे सांगते) आणि चिमूट मीठ घालून उकळी आणा. सोय घाला, पुन्हा बुडबुडे येऊ द्या, गॅस बंद करा आणि लगेच रवा वैरून ढवळा. हे गरमच करायचं. गव्हाचा रवा थंड मिश्रणातही रात्रभरात फुगतो, तांदळाचा फुगत नाही, त्याला उष्णता लागते. आजेसासूबाईंच्या ‘रात्री भिजवून ठेवणे’मध्ये हा एवढा एकच बदल आहे. शंभर ग्रॅम लोणी याच वेळी घाला, आपोआप विरघळेल. निवलं की झाकून फ्रिजमध्ये. आपल्या हवेत नारळ घातलेलं काही रात्रभर बाहेर ठेवायचं धाडस मी करत नाही.

दुसऱ्या दिवशी बघाल तर मिश्रण आळून घट्ट झालेलं असेल. घाबरू नका. फ्रिजबाहेर काढून तासभर ठेवा, हाताने मोडा. चार अंड्यांचे बलक आधी घाला, वेलची घाला, चमचाभर बेकिंग पावडर घाला. तिच्या पाकिटावरही घटक वाचा, काही पावडरींमध्ये गव्हाचा स्टार्च असतो. मग पांढरं वेगळं फेसून हलक्या हाताने मिसळा. वहीत पांढरं वेगळं फेसायला सांगितलेलं नाही, पण तांदूळ गव्हापेक्षा जड बसतो म्हणून ही मेहनत घ्या. मिश्रण पळीतून थबकन पडलं पाहिजे. पडत नसेल तर नारळाचं दूध आणखी दोन-तीन चमचे. तुकडे भुगा होतील अशी धास्ती असेल तर चहाचा एक चमचा इसबगोल घाला. आपल्याकडे घरोघरी ते असतंच, वेगळ्या कारणासाठी.

भांड्याला लोणी लावून वर मैदा भुरभुरायची आपल्या हाताला सवय असते. इथेच बहुतेक घरांतला ‘ग्लुटेन-फ्री’ केक वाया जातो. तांदळाचं पीठ भुरभुरा. वर काट्याने रेघा मारा, एकशे ऐंशी सेल्सिअसवर पाऊण तास, वाटल्यास पाच-दहा मिनिटं जास्त. सळी घालून बघताना ती अगदी कोरडी येणार नाही, नारळाचा ओलावा राहतो. कच्चं पीठ चिकटलेलं नसलं म्हणजे झालं. आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नका. गरम बाथाचा घमघमाट सुटल्यावर हे अवघड आहे, माहीत आहे. पण तांदूळ गार झाल्यावरच घट्ट धरतो, गरम कापलात तर भुगा होईल आणि मग सासूबाई ‘मी म्हटलं नव्हतं?’ म्हणणार.

चवीबद्दल खरं सांगायचं तर फरक आहे. गव्हाचा बाथ दाताखाली जरा तंतूसारखा ओढतो, हा पटकन विरघळतो आणि किंचित सांदणाच्या वळणावर जातो. मला स्वतःला वाईट वाटत नाही. आजेसासूबाईंचा तो हा नव्हे, हे मात्र जिभेला कळतं. ते मुलासमोर बोलू नका म्हणजे झालं.

आता भांड्यांचं. लाकडी डवली, लाटणं, पोळपाट, पिठाची चाळणी यांच्यात वर्षानुवर्षांचं गव्हाचं पीठ मुरलेलं असतं, धुऊन जात नाही. स्टीलची भांडी, पळी, सुरी नीट घासून चालतात. मुलासाठी नवीन चाळणी आणि नवा सिलिकॉनचा चमचा घ्या, त्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा. ज्या दिवशी बाथ करायचा त्या दिवशी त्याच ओट्यावर पोळ्या नकोत. बाथ शेजारच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीत भाजून आणायचा बेत असेल तर तो सोडा. वहीच्या काळात टोपाच्या वर-खाली सोडणांचे (नारळाच्या सालींचे) निखारे ठेवून भाजत, ते आजही कोणाच्या मागीलदारी जमत असेल तर मुलाला ते चालेल, भट्टी चालणार नाही. तिथे हवेतसुद्धा पीठ असतं. आणि हो, केकशी संबंध नाही, पण सांगून ठेवते : डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. वरण-खतखत्यात काय पडतंय ते एकदा बघा.

तुम्ही पत्रात पुढे विचारलं आहे की घरच्यांसाठी नेहमीचा बाथ आणि मुलासाठी छोटा वेगळा असं केलं तर? माझं मत सरळ ‘नको’ असं आहे. एक तर दोन केक शेजारी ठेवले की कोणीतरी एकच सुरी दोन्हीत घालणार. पाहुण्यांच्या घाईत हे थांबवता येत नाही. आणि दुसरं, त्याच्याच वाढदिवशी त्याने बाजूच्या वाटीतलं खायचं आणि बाकी सगळ्यांनी मोठ्या ताटातलं, हे सात वर्षांच्या पोराला कळतं. त्याचा बाथ तोच सगळ्यांचा बाथ. घरात बाकीच्या दिवशी पोळ्या, उंडे, पाव चालू राहू देत, त्याने काही बिघडत नाही. पण हा एक दिवस सगळ्यांनी तांदळावर यावं. चवथीला बघा, पातोळ्या तांदळाच्याच असतात आणि त्यात काही कमी आहे असं कोणाला वाटत नाही.

लोण्याबद्दल एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण विचारायला हवी होती. निदान नवीन असताना अशा मुलांना काही महिने दूधही पचायला जड जातं, कारण दुधातली साखर पचवणारं द्रव्य त्या झिजलेल्या अंकुरांवरच तयार होतं. आतडं भरून आलं की ते बहुधा परत सुरळीत होतं. तुमच्या मुलाला दुधाने त्रास होत असेल तर लोण्याऐवजी साजूक तूप घ्या, थोडं कमी. नारळाचं दूध त्याला निर्धास्त द्या.

सासरे. गोडव्याच्या गोळ्या केकमध्ये घालायच्या नाहीत. त्यांतल्या काहींमधल्या अ‍ॅस्पार्टेमचा गोडवा भाजताना निघून जातो, आणि कुठल्याच गोळीला साखरेचं बाकीचं काम जमत नाही. साखर केकमध्ये गोडीपुरती नसते. ती ओलावा धरते, केक मऊ ठेवते, वर तांबूस रंग आणते. म्हणून साखर काढू नका, कमी करा. वहीत रव्याइतकी म्हणजे अडीचशे ग्रॅम आहे, तुम्ही एकशे सत्तर घ्या. नारळाची स्वतःची गोडी असते, कमतरता जाणवणार नाही. त्याच्याही खाली गेलात तर बाथ कोरडा होईल.

‘मग गूळ घालू का?’ असं कोणीतरी म्हणेलच. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला काळा माडाचा गूळ आणून घातलात तर बाथ चविष्ट होईल, दोदोल या गुळाच्या मिठाईसारखा काळसर होईल, पण सासऱ्यांच्या रक्तात तो साखरच होणार. गूळ म्हणजे औषध ही आपल्याकडची फार जुनी पळवाट आहे. तांदळाच्या रव्यानेही त्यांना काही फायदा नाही, साखर चढवण्यात तांदूळ गव्हाच्या मागे नाही. त्यांना दोन बोटं रुंदीचा एकच तुकडा द्या, जेवणानंतर, आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी वाढा. चार वाजताच्या चहाबरोबर वेगळा नको. इन्सुलिन किंवा गोळ्या त्यांनी ‘आज गोड खाल्लंय’ म्हणून स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. रात्री फ्रिज उघडायची त्यांना सवय असेल तर उरलेला बाथ शेजारी वाटून टाका, हा उपाय सर्वात खात्रीचा.

रविवार जमतच नसेल, सोमवारीच करायचा असेल, तर बाथ करू नका. गहू नाही, अंडं नाही असा बाथ दही, सोडा आणि इसबगोलाच्या जोरावर होतो, खाताही येतो, पण त्याला बाथ म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यापेक्षा तवसळी करा. तुमच्या परसात नाही तर शेजारच्या माटवावर या दिवसांत मोठी पिकी तवशी (काकड्या) लटकत असतीलच. तवसें किसून घ्यायचं, त्याचं सुटलेलं पाणी टाकायचं नाही, त्यातच गूळ, सोय, मीठ, आलं किंवा वेलची घालून उकळायचं आणि परतलेला तांदळाचा रवा त्यात शिजवून घट्ट करायचा. मग हळदीच्या पानावर थापून वाफवायचा. गहू नाही, अंडं नाही, दूध नाही. तुमच्या सासूबाईंना ही पाककृती माझ्यापेक्षा चांगली येत असणार, तेव्हा ती त्यांच्याकडेच सोपवा. नातवासाठी तवसळी करायला सांगितलीत की रव्याचा वाद आपसूक मागे पडेल, असा माझा अंदाज आहे. मेणबत्ती तीवरही लागते.

आणि कोणी बेबिंक सुचवला तर हात जोडा. एकेक थर वरून भाजत बसायचा तो पदार्थ मैदा, नारळाचं दूध आणि बलकांच्या ताळमेळावर उभा असतो. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. त्यात बदल करून बघायचे तर वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बघू नका.

बाथ रविवारी ठरवत असाल तर तांदूळ गुरुवारीच धुवा. भाद्रपदातल्या हवेत ते पंख्याखाली वाळायलाही वेळ घेतात, आणि ओलसर राहिले तर मिक्सरमध्ये रवा न होता चिखल होतो. शुक्रवारी रवा काढा, शनिवारी संध्याकाळी भिजवा, रविवारी सकाळी लवकर भाजा म्हणजे संध्याकाळपर्यंत पुरता गार होईल. उरलेले तुकडे एकेक गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा, नुसत्या फ्रिजमध्ये तांदूळ कडक पडतो. खायच्या वेळी एक तुकडा काढून दोन मिनिटं वाफेवर धरला की पुन्हा मऊ होतो, शाळेच्या डब्यातही देता येतो.